दुसऱ्या घाण्याचे काप

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी माझ्या भावाच्या होमस्टेमध्ये उतरलेल्या एका बाईंनी सुरणाचे पाच काप खाल्ले. चहाच्या वेळेला त्यांना उलट्या सुरू झाल्या. त्याच कापांतले दोन मी खाल्ले होते. माझ्याही पोटात त्याच सुमारास कळा सुरू झाल्या. आम्हा दोघींना एकच आजार आहे. त्याला सिलिॲक म्हणतात. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की आमचं शरीर आपल्याच आतड्याचं अस्तर खायला लागतं. चिमूटभर गेलं तरी पुरतं, आणि झालेली इजा भरून यायला महिने लागतात. ते काप ग्लुटेन नसलेले म्हणून वाढण्यात आले होते.

होमस्टे आमच्याच घरात आहे. मालवणच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून दोन माड आत. माझा थोरला भाऊ आणि वहिनी तो चालवतात. मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होते. नोकरी संपल्यावर इथे आले. मागच्या बाजूची खोली माझी. स्वयंपाकघरात एक फळी माझी. तिच्यावर माझा तवा, माझी कढई, माझं तेल, माझ्या बरण्या. आजाराचं निदान होऊन अकरा वर्षं झाली आहेत. या अकरा वर्षांत दादानं त्या आजाराला नाटकं, पथ्य, फॅशन आणि मुंबईचं पाणी अशी नावं दिली. दोन वर्षांपूर्वी पर्यटकांच्या तोंडून त्याला 'ग्लुटेन-फ्री' हा शब्द कळला. महिन्याभरात तो फाटकावरच्या बोर्डावर आला. रंगाऱ्याकडून शब्द लिहून झाल्यावर दादानं मला बघायला बोलावलं.

"लिवलंस खरा, पण करतलंस कसा?" मी विचारलं.

"करूचा काय त्येच्यात? आमी तांदळाची माणसां. घावणे, आंबोळी, शेवयो, सगळा तांदळाचा. गहू आसा खंय हंय?"

हे वाक्य या किनाऱ्यावर कोणत्याही घरात ऐकायला मिळतं. ते खोटं आहे. बाजारातला डबीतला हिंग गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. गिरणीत तांदूळ गव्हाच्या मागून दळला जातो. रव्यात घोळवलेले मासे ज्या तव्यावर तळले, त्याच तव्यावर घावणे पडतात. मी त्याला हे तिन्ही सांगितलं. तो म्हणाला, "बरां बरां. तू आसस मां बघूक."

त्या बाईंनी येण्याच्या आठवडाभर आधी फोन केला होता. दादानं फोन माझ्या हातात दिला. त्या कॉलेजच्या पाच मैत्रिणींबरोबर येणार होत्या. पंचवीस वर्षांनी सगळ्या एकत्र जमत होत्या. बाहेर कुठेही गेल्या तरी त्या स्वतःचा डबा घेऊन जातात, हॉटेलात मैत्रिणी जेवतात आणि त्या डबा उघडतात, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "माझी एकच विनंती आहे. एक तरी पदार्थ असा करा, की जो सगळ्यांच्या ताटात येईल तोच माझ्याही ताटात येईल. वेगळी वाटी नको."

मी त्यांना विचार करून कळवते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणून कळवलं. सुरण जानेवारीत चांगला मिळतो, आणि काप हा आमच्याकडचा मानाचा पदार्थ. एरवी ते रव्यात घोळवतात. मी ते तांदळाच्या पिठात करायचं ठरवलं. तांदूळ गिरणीत दिला नाही. घरचेच धुतले, सावलीत वाळवले, मिक्सरवर दळले, चाळले आणि माझ्या बरणीत भरले. सुरण हाताला खोबरेल लावून सोलला. करंगळीएवढ्या जाडीच्या चकत्या केल्या आणि वाटीनं कापून सगळ्या एका मापाच्या गोल केल्या. सोलांच्या, म्हणजे कोकमाच्या, आगळात मीठ घालून त्यात भिजत ठेवल्या, म्हणजे घशाला खाजत नाहीत. अर्धवट वाफवल्या. पिठात हळद, तिखट, मीठ. हिंग नाही. माझ्या तव्यावर, माझ्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत परतायच्या. वर ओल्या खोबऱ्याची आलं-मिरचीची चटणी चमचाभर, तिच्यावर गूळ घालून आटवलेल्या आगळाचा थेंब आणि तळलेलं कढीपत्त्याचं एक पान. खाली केळीच्या पानाची गोल चकती. एका बशीत तीन.

आधी नमुन्यादाखल एक बशी केली, तेव्हा वहिनी आली आणि बशीकडे बघत राहिली.

"ह्या काय गो बाय, बावलेचा जेवाण?"

"सुरवातीक देवचा आसा. मगे जेवाण आसाच."

"तीनच काप? लोकांका वाटात, घरातलो सुरण सोंपलो."

ती हसली, पण शनिवारी सकाळी तिनंच केळीची पानं पुसून दिली आणि चटणी वाटून दिली. त्यासाठी तिनं माझा पाटा घासून घेतला. हे नोंदवणं आवश्यक आहे. तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

जेवण पडवीत होतं. सहा जणी लांब टेबलाला बसल्या. पहिला घाणा मी काढला आणि बशा मीच बाहेर नेल्या. त्या बाईंनी आपल्या बशीकडे बघितलं, मग शेजारणीच्या. दोन्ही सारख्या होत्या. त्यांनी आपला स्टीलचा डबा पिशवीत परत ठेवला. दादा टेबलाच्या टोकाला उभा होता. पाहुण्यांशी तो शुद्ध मराठीत बोलतो.

"निर्धास्त खा मॅडम. आमच्या घरातच पेशंट आहे." त्यानं माझ्याकडे हात केला. "आमच्याइतकं हे कोणाला कळणार?"

सहाही जणींनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी वाढत होते. पाणी वाढत राहिले.

बशा रिकाम्या झाल्यावर दादानं विचारलं, "अजून आणू ना?" आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघराकडे हाक दिली. शिवाय दुसऱ्या खोलीत उतरलेल्या चौघांनाही चव बघायला बोलावलं. हे ठरलेलं नव्हतं. मी सोलकढी आणायला विहिरीकडच्या थंड खोलीत गेले होते. परत आले तेव्हा वहिनी दुसरा घाणा घेऊन बाहेर येत होती. सगळ्यांचं म्हणणं पडलं की हे आणखी कुरकुरीत झालेत. त्या बाईंनी पहिल्या बशीतल्या तिनांनंतर यातले दोन घेतले. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, पहिल्यांदाच तू आमच्या आधी हात पुढे केलास." परातीत उरलेले दोन मी स्वयंपाकघरात उभ्यानं खाल्ले. त्या दिवशी सकाळपासून मी दुसरं काही खाल्लं नव्हतं.

कळा सुरू झाल्या तेव्हा मी मागच्या खोलीत होते. ही कळ मला माहीत आहे, तिचा दुसरा कशाशी घोटाळा होत नाही. समोरच्या खोलीतून न्हाणीघराचं दार पुन्हा पुन्हा वाजत होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. वहिनी भांडी लावत होती.

"वयनी, दुसऱ्या घाण्याक पीठ खंयचा घातलंस?"

"तांदळाचा. दुसऱ्या कसला घालतलंय?"

"माझ्या बरणीतला?"

"तां सोंपला. ह्येनी चार माणसां वाडवली मां. मगे मी डब्यातला घेतलंय, वड्यांचा. तां पण तांदळाचाच."

वड्यांचं पीठ म्हणजे कोंबडी-वड्यांचं. त्यात तांदूळ असतो, उडीद असतो, चण्याची डाळ, धणे, मेथी असते आणि मूठभर गहू असतो. आमच्या आईचं हेच प्रमाण होतं. शेजारच्या घरांतही थोड्या फरकानं हेच आहे. तो गहू कोणी मोजत नाही. पीठ कसलं म्हणून विचारलं तर या गावात प्रत्येक बाई तांदळाचं म्हणूनच सांगेल, आणि ती खोटं बोलत नसेल.

"त्येच्यात गहू आसत," मी म्हणाले.

वहिनीचा हात थांबला. "ते मूठभर. नावाक. तेका काय कोण गव्हाचा पीठ म्हणता?"

"अकरा वर्सां मी ह्या घरात वडे खाणंय नाय. कित्या खाणंय नाय?"

"तळलेला तुका सोसणा नाय म्हणान." ती माझ्याकडे बघत होती. "आमी तसाच समाजलव."

अकरा वर्षांत घरात किती वेळा वडे झाले असतील ते मी सांगू शकत नाही. गणपतीत झाले, जत्रेला झाले, मुंबईचे चाकरमानी आले की झाले. प्रत्येक वेळी माझ्या पानात भात वाढला गेला. का, ते एकदाही कोणी विचारलं नाही. तळलेले काप मी त्या दुपारी तिच्यादेखत खाल्ले होते.

दादा आला. वहिनीनं त्याला सांगितलं. त्यानं आधी बाहेर बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"तिका काय एक सांगूचा नाय."

"कित्या?"

"कित्या म्हणान इचारतंस? उद्या सकाळी जातली ती. घाट चढली की बरी होतली. दोन कापांत गहू जावन जावन कितको गेलो? चिमटीभर."

"माझ्या पोटात पण चिमटीभरच गेलो. माका बघ."

त्यानं बघितलं नाही. "सीझन आसा. ती बाई फोनार चार ओळी लिवतली, आणि आमी हंय बसतलव माशयो मारीत. तुका काय, तुझी पेन्शन येता."

"तिका डॉक्टरान इचारल्यान, काय खाल्लंस, तर ती काय सांगतली?"

"काय व्हया तां सांगूंदे. हंय काय कोर्ट बसूक नाय, पुरावो नि साक्षीदार आणूक. पेपर सुटलो तरी तुझी खोड जाणा नाय."

वहिनी म्हणाली, "ओ, ती बिचारी थंय वकता हा."

"तू गप. तुझ्यामुळाच झाला ह्या सगळा."

हे खरं नव्हतं. चार माणसं त्यानं वाढवली होती, आणि बोर्ड त्यानं लावला होता. मी म्हणाले, "दुपारी पेशंट म्हणान माझा तोंड दाखवलंस मां सगळ्यांका? आता तांच तोंड जावन सांगतला."

तो माझ्या आधी बाहेर पडला. मला भिंत धरून चालावं लागत होतं, म्हणून मागाहून पोचले.

त्या बाई पडवीतल्या बाकावर पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या. चेहऱ्यावर घाम होता. एक मैत्रीण त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. दादा समोर उभा होता.

"हवा बदलली की होतं असं मॅडम. खाऱ्या वाऱ्याची सवय नसते ना."

"नाही," त्या म्हणाल्या. "हे हवेचं नाही. हे माझ्या ओळखीचं आहे. कुठून तरी गहू गेलाय." त्या थांबल्या, श्वास घेतला. "तुमच्याकडून नाही हो. तुम्ही एवढं केलंत. माझ्याच डब्यातून गेला असणार. सकाळी गाडीत मी त्यातली भाकरी खाल्ली."

पाठीवर हात ठेवलेली मैत्रीण म्हणाली, "डबा मी ठेवला होता. माझ्या पिशवीत. बिस्किटांचा पुडा फुटला होता तिच्यात." ती रडायला लागली होती. "मला माहीत असून मी ठेवला. एवढं साधं कळलं नाही मला."

"जाऊ दे गं."

"जाऊ दे काय? पंचवीस वर्षांनी भेटलो आणि मी तुला विष दिलं."

दादानं हे सगळं ऐकलं. तो मैत्रिणीकडे वळला आणि म्हणाला, "असू दे ताई. प्रवासात लक्ष राहत नाही. मुद्दाम कोण करतं?"

वर्तमानपत्रात असताना मी माणसांना कॅमेऱ्यासमोर खोटं बोलताना बघितलं आहे. त्यांतले बहुतेक स्वतःला वाचवत होते. दुसऱ्याच्या डोक्यावर आपला दोष ठेवून वर त्याचं सांत्वन करणारा माणूस मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितला. तो माझा सख्खा भाऊ होता आणि शुद्ध मराठीत बोलत होता.

मैत्रीण उठली. तिनं तो स्टीलचा डबा घेतला आणि झाकण काढलं. आत ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याचे लाडू आणि भाजलेले पोहे होते. दोन दिवसांचं अन्न. ती तो पायरीजवळच्या कचऱ्याच्या बादलीत रिकामा करायला निघाली. उद्याच्या प्रवासात त्या बाईंना खाता येण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"टाकू नका," मी म्हणाले. "डब्यात काही नाही. गहू आमच्या कापांत होता."

दादा मला अडवत म्हणाला, "बाय."

मी सांगितलं. पहिल्या घाण्याला घरचं दळलेलं तांदळाचं पीठ होतं, त्यात गहू नव्हता. दुसऱ्या घाण्याला ते संपलं आणि वड्यांचं पीठ वापरलं गेलं. त्यात गहू असतो. ते वापरलं हे मला तुम्हाला त्रास सुरू झाल्यावर कळलं. मीही दोन खाल्ले आहेत आणि मलाही तोच त्रास होतो आहे. तुमच्या मैत्रिणीचा यात काही संबंध नाही.

मैत्रीण डबा हातात धरून तशीच उभी राहिली. मग पायरीवर बसली आणि झाकण लावायला लागली. ते तिला लागेना.

त्या बाई कोपरावर उठल्या. "पिठात गहू किती असतो?"

"दहाव्या भागाहून कमी."

"वहिनींना माहीत नव्हतं?"

"गहू घालतात हे माहीत होतं. तेवढ्यानं काही होतं, हे माहीत नव्हतं."

"आणि ह्यांना?" त्यांनी दादाकडे मान वळवली. "आत्ता तुम्ही मला हवा सांगत होतात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

दादा टेबल पुसायला लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"होतं," मी म्हणाले. "तुमच्याकडे यायच्या आधी आमचं बोलणं झालं होतं."

"मॅडम, तसं नाही," दादा म्हणाला. "ही आमच्या घरातली..."

"तुम्ही हिला रडू दिलंत," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला काय झालं ते सोडा. ही माझ्यामुळे रडत होती आणि तुम्ही तिला ताई म्हणून समजावत होतात."

तो आत गेला. जाताना मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "घर तुझा पण आसा, ह्यां इसारलंस."

तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांकडे दोघी मैत्रिणी त्यांना घेऊन गेल्या. नक्की काय पोटात गेलं आहे हे त्या तिथे सांगू शकल्या. डॉक्टरांनी सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि बाकी काही दिलं नाही. दिवेलागणीनंतर त्या परत आल्या. मीही सोबत यावं असं त्यांनी निघताना सुचवलं होतं. मी नको म्हणाले. माझ्याजवळ औषधं होती.

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होती. माझ्या फळीवरचं पातेलं तिनं उतरवलं होतं. ते राखेनं घासून, उकळत्या पाण्यानं विसळून घेतलं होतं, तरी पुन्हा विचारलं, "ह्यां चलात मां?" मी हो म्हणाले. चुलीच्या कडेला वड्यांच्या पिठाचा डबा नव्हता. तिनं तो कुठे ठेवला ते मी विचारलं नाही. तिनं तांदूळ माझ्या बरणीतले घेतले, माझ्यासमोर निवडले, माझ्यासमोर धुतले. पेज शिजली तेव्हा तिनं ती नव्या थर्मासमध्ये भरली. थर्मासचं लेबलही अजून काढलेलं नव्हतं. दादा माडांना पाणी सोडायला गेला होता. पाहुणे निघेपर्यंत तो परत आला नाही.

सहाही जणी गाडीत बसल्या होत्या. त्या बाई पुढच्या सीटवर होत्या, डबा मांडीवर. वहिनी थर्मास घेऊन खिडकीशी गेली. तिला शुद्ध मराठी बोलायची सवय नाही. ती म्हणाली, "पेज आहे. तांदळाची. हिच्या भांड्यात केली. हिनी बघितली."

त्यांनी थर्मासकडे बघितलं आणि मग वहिनीकडे.

"तुम्ही मनापासून आणलीत," त्या म्हणाल्या. "पण मी घेणार नाही."

"हिनी बघितली," वहिनी पुन्हा म्हणाली.

"हो. काल दुपारीही त्या होत्याच." त्यांनी मला मान लववून नमस्कार केला. मी केला.

गाडी कसालच्या रस्त्याला लागली. वहिनी थर्मास धरून फाटकात उभी राहिली, मग गोठ्यात गेली आणि पेज गाईच्या घमेल्यात ओतली.